पाणी नसलं की कॉफी

टेम्पोत सामान चढवून झालं होतं. दोरी आवळून झाली होती, माझा नवरा अमोल ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसलासुद्धा होता, आणि तेवढ्यात गल्लीतून आमची आई आपल्या दोन ड्रमांतला एक रिकामा निळा ड्रम कवटाळून येताना दिसली. ड्रम जवळजवळ तिच्या खांद्याएवढा. समोरचं काही दिसत नसल्यामुळे ती एका बाजूने मान बाहेर काढून चालत होती आणि चाळीतली बायकामाणसं ओट्यावरून तिला वाट सांगत होती.

"हा राहिला," ती धापा टाकत म्हणाली.

"आई, तिकडे चोवीस तास पाणी आहे."

"असू दे. बिल्डर लोकांचं काय सांगावं. आज देतील, उद्या बंद."

दोरी परत सोडली. ड्रम माझ्या नव्या कोऱ्या सोफ्यावर आडवा झाला. मग ती पुन्हा तिच्या घरी गेली आणि पाण्याने भरलेली कळशी घेऊन आली. नव्या घरात भरलेली कळशी घेऊन शिरायचं असतं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण आईचं म्हणणं असं, की पाणी जुन्या घरचं न्यावं, म्हणजे तिकडचा नळ रुसत नाही. "मांडीवर घेऊन बस, सांडू नको," एवढंच ती बोलली. रडणं नाही, मिठी नाही. टेम्पो निघाला तेव्हा ती माझ्याकडे नाही, कळशीकडे बघत होती.

शीळफाट्यापर्यंत मी कळशी सांभाळली. मुंब्रा बायपासच्या खड्ड्यांनी माझा ड्रेस भिजवला. वर्तकनगरला टॉवरच्या खाली उतरले तेव्हा कळशीत अर्धंच पाणी उरलं होतं आणि वॉचमनने मला विचारलं, मॅडम, काही सांडलं का.

हे माझं स्थलांतर. लोक अमेरिकेला जातात, दुबईला जातात, मग तिकडून आठवणी लिहितात. मी मुंब्र्यापलीकडच्या दिव्याहून ठाण्यातल्या वर्तकनगरला गेले. रस्ता रिकामा असेल तर तासाच्या आत पोचता येतं. व्हिसा लागत नाही, रिक्षा लागते. एवढ्याशा अंतरावर आठवणी लिहायला बसले म्हणून तुम्ही हसाल, तर हसा. पण तुम्ही म्हणजे कोण, ते माझ्या डोक्यात पक्कं आहे. तुम्ही म्हणजे आमच्या चाळीत अजून राहणारे, आणि तुम्ही म्हणजे तिथून निघून ठाण्याला, डोंबिवलीला, कल्याणला टॉवरमध्ये गेलेले. हे अंतर कशात मोजायचं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आमच्याकडे ते पाण्यात मोजलं जायचं. चाळीबाहेर एक नळ, त्याला पाणी कधी येईल याचा नेम नाही. आलं की जो ऐकेल त्याने ओरडायचं, आणि सगळ्या गल्लीने हातातलं टाकून हंडे घेऊन पळायचं. आई चपाती तव्यावर सोडून पळायची. पप्पा होते तेव्हा दाढी अर्धी सोडून पळायचे, एका गालाला साबण तसाच. आणि ज्या दिवशी यायचंच नाही, त्या दिवशी ड्रमच्या तळाशी उरलेल्यावर सगळं भागवायचं. त्या ड्रमचं झाकण न उघडता, नुसतं टिचकी मारून, आत कुठपर्यंत पाणी आहे हे आम्हाला सगळ्यांना कळायचं. मी शाळेत गणितात कच्ची होते, पण यात नाही.

गंमत अशी, की पाणी यायचं नाही, पण दूध रोज यायचं. पिशवीवाला कधी चुकला नाही. म्हणून आईने एक रीत पाडली होती. चहाला पाणी लागतं. कॉफीला लागत नाही. मग पाणी नाही आलं, की आमच्याकडे कॉफी.

दुकानात माळेसारख्या लटकणाऱ्या कॉफीच्या पुड्या असतात, त्यातली एक आई डब्यात जपून ठेवायची. स्टीलच्या पेल्यात कॉफी आणि साखर घालायची, त्यावर पाणी फक्त चमचाभर, आणि पेला माझ्या हातात द्यायची. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून ते चमच्याने फेटायचे. काळं होतं ते आधी तपकिरी व्हायचं, मग बदामी, मग इतकं फुलायचं की चमचा त्यात उभा राहील असं वाटायचं. तोपर्यंत आईने टोपात नुसतं दूध उकळलेलं असायचं. ते वरून ओतलं, की फेस पेल्याच्या काठावर येऊन थांबायचा. आम्ही तिघं तेवढ्यापुरते श्रीमंत व्हायचो. मग टोप. दुधाचा टोप धुवायला पाणी कुठून आणणार? तो माझा असायचा. चपातीच्या तुकड्याने कडेची साय, तळाचं खरपूस पुसून खायचं, इतकं नीट पुसायचं की धुतल्यासारखा दिसला पाहिजे. माझ्या लहानपणी मला पाणी न येण्याचं कधी वाईट वाटलं नाही, याचं कारण आईची ही कॉफी. हे तिने मुद्दाम केलेलं होतं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

फेटताना चमच्याचा आवाज गल्लीत जायचा. शेजारच्या मंदाकाकी तो ऐकून आपल्या दारातूनच म्हणायच्या, "आज नाय येत वाटतं पाणी."

माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा अमोलकडची माणसं वर्तकनगरहून आमच्याकडे आली. त्यांच्या कॉलनीत पाण्याचा प्रश्न कधी नव्हताच. त्यांच्यातल्या एका काकांनी आईने दिलेला पाण्याने भरलेला पेला घेतला, पाणी त्यातच खळखळवलं, मोरीत फेकलं आणि म्हणाले, आता द्या. अगदी साधेपणाने. आम्ही सगळ्यांनी त्या फेकलेल्या पाण्याकडे बघितलं, कारण आम्हाला तसं न बघणं जमतच नाही. ते गेल्यावर मंदाकाकी काहीतरी बोलणार, तेवढ्यात आई म्हणाली, "असू दे गं मंदा. वर्तकनगरची माणसं आहेत. त्यांना सवय असते." तेव्हा मला ते फार भारी वाटलं होतं. पाणी फेकणाऱ्यांच्या घरी जायला मिळणार म्हणून मी आतून खूश होते.

लग्नानंतर लगेच काही गेले नाही. अमोलची कॉलनी रीडेव्हलपमेंटला पडली होती, म्हणून आम्ही दिव्यातच, आईपासून दोन गल्ल्या पलीकडे, भाड्याने राहिलो. सासूसासऱ्यांनी तेवढ्यात गावची वाट धरली आणि तिकडेच रमले. टॉवर तयार झाला तेव्हा पप्पा नव्हते. कळशी घेऊन त्या घरात मी आणि अमोल दोघंच शिरलो. घरात बुद्धवंदना झाली, पाहुणे जेवून गेले, आणि संध्याकाळी मी एकटी किचनमध्ये जाऊन नळ सोडला. बंद केला. परत सोडला. लहान मूल लाइटच्या बटणाशी खेळतं तसं कितीतरी वेळ केलं. आईचा ड्रम ड्राय बाल्कनीत गेला आणि त्यात खोक्यांचे पुठ्ठे, रद्दी असलं भरलं गेलं.

मग कॉफी. ती माझ्या घरात शिरली वरच्या मजल्यावरच्या केतकीमुळे. केतकी माझ्याच वयाची, घरून काम करणारी, मनाने चांगली. पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा तिने विचारलं, "तू कॉफी कशी घेतेस?" मी म्हटलं, फेटून. ती हसली नाही, पण तिला ते गोड वाटलं, आणि गोड वाटणं मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. घरी येऊन मी त्या रात्री इंटरनेटवर कॉफीचं सगळं वाचून काढलं.

एकेक वस्तू घरात येत गेली. आधी फ्रेंच प्रेस आणला. कॉफी छान व्हायची, पण त्या जाळीत अडकलेला गाळ काढायला नळ धो धो सोडावा लागायचा. माझा जीव खालीवर व्हायचा, म्हणून तो माळ्यावर गेला. मग मोका पॉट, गॅसवर ठेवायची कॉफीची किटली. तो मला मनापासून आवडला, कारण कुठेतरी वाचलं की त्याला साबण लावायचाच नाही, नुसता विसळायचा. स्टीलचा साउथ इंडियन फिल्टरही आणला, त्यालाही पाणी कमी. म्हणजे बघा, मी पद्धती चवीवर निवडत नव्हते, विसळण्यावर निवडत होते. कोणाला सांगितलं नाही, पण मनात हाच हिशोब असायचा. आणि मग केतकीने मला पोर ओव्हर शिकवलं, आणि तो हिशोब कुठेतरी बंद पडला. कधी, ते खरंच आठवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काचेच्या भांड्यावर एक नरसाळं ठेवायचं. त्यात कागदाचा फिल्टर. कॉफी घालायच्या आधी त्या कागदावरून गरम पाणी ओतायचं, म्हणजे कागदाचा वास जातो आणि भांडं तापतं. ते खाली जमलेलं पाणी सिंकमध्ये फेकायचं. कपातही गरम पाणी घालायचं, फिरवायचं, फेकायचं. मग कॉफीची भरड घालायची आणि लांब चोचीच्या किटलीने गोल गोल धार धरायची. दूध नाही, साखर नाही. पहिल्यांदा प्यायले तेव्हा तोंड वाकडं झालं. हळूहळू आवडायला लागली. आज तर त्याशिवाय माझी सकाळ होत नाही, आणि हे सांगताना मी खोटं बोलत नाहीये. कॉफी चांगलीच असते. तक्रार कॉफीबद्दल नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई हंडा घेऊन येताना घसरली. गुडघा सुजला. मी दिव्याला गेले आणि तिला जवळजवळ उचलूनच घेऊन आले. मनात पक्कं ठरवलं होतं, आता हिला परत पाठवायचं नाही. वर्तकनगरच्या घरात तिची खोली तयार होती, पप्पांचा फोटो लावायला खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. तिला तसं स्पष्ट सांगितलं नाही. म्हटलं, बरं वाटेपर्यंत राहा. तिने राहावं, एवढं एकच मला हवं होतं. त्या घरात मला सगळं मिळालं होतं, फक्त आपलं समजून माझ्यावर ओरडणारं माणूस नव्हतं.

पहिल्याच सकाळी मी ग्राइंडर लावला, तशी ती भिंतीला धरत किचनमध्ये आली.

"काय करतेस?"

"कॉफी."

तिने दचकून सिंककडे बघितलं. "का? पाणी नाय आलं?"

मी हसले. दुसऱ्या दिवशीही ती आली आणि म्हणाली, "आज पण कॉफी? इथं रोजच पाणी जातं की काय गं?" अमोलला हसून हसून ठसका लागला. तीही हसली. मी केतकीला हा किस्सा सांगितला, तीही हसली. मग मात्र मला तो सांगायला नको होता असं वाटलं.

गुडघा जरा बरा झाल्यावर आईने घराचा ताबा घेतला. ड्रममधले पुठ्ठे काढून टाकले, ड्रम घासला आणि काठोकाठ भरला. सकाळी उठावं तर ओट्यावर सगळे टोप, सगळ्या बाटल्या, अमोलचा बिअरचा मगसुद्धा पाण्याने भरून झाकून ठेवलेला. "आई, कशाला?" तर म्हणायची, "आलेलं ना." जणू नळाला आलेलं पाणी बघून न भरता परत झोपणं हा अपमान असतो, पाण्याचा की तिचा कोण जाणे.

आणि मी फिल्टरच्या कागदावर पाणी ओतलं, की ती टोप घेऊन माझ्या बाजूला उभी. काचेचं भांडं सिंकमध्ये उपडं करायच्या आत टोप मध्ये. कपातलं पाणीसुद्धा त्यातच. मी म्हणायचे, राहू दे ना आई. ती म्हणायची, तुझं चालू दे. तो टोप मग गॅसच्या बाजूला झाकलेला दिसायचा. मला वाटलं, झाडांना घालत असेल. केतकीलासुद्धा मी तसंच सांगितलं, थोडी मिरवत. विचारावं असं काही डोक्यात आलं नाही.

एका रविवारी सकाळी केतकी चिकमगळूरहून आलेल्या बिया घेऊन आमच्याकडे आली. आमचं किचन उघडं आहे, डायनिंग टेबलावर बसलं की ओट्यावरचं सगळं दिसतं. मी तिच्यासमोर सगळं साग्रसंगीत केलं. कागद भिजवला, पाणी फेकायला गेले, आईचा टोप आला. केतकीने ते बघितलं आणि कौतुकाने हसली. माझे कान तापले. आम्ही कॉफी पीत बसलो. अमोलला या कॉफीचं नाटक आवडत नाही, तो चहावाला, म्हणून आई चहा करत होती. गॅसवर दोन लहान टोप होते. एकात जरा जास्त चहा, एकात कपभर.

वास सुटला तशी केतकी म्हणाली, "काकू, मला पण थोडासा तुमचा चहा, टेस्ट करायला." मी उठले आणि हाताशी होता त्या लहान टोपातला चहा तिच्यासाठी गाळायला घेतला.

"अगं तो नको!" आईने माझं मनगटच धरलं. "तो माझा आहे."

"काकूंचा स्पेशल दिसतोय," केतकी टेबलावरून म्हणाली.

"स्पेशल कसला," आई तिच्याकडे वळून सरळ म्हणाली. "तुमच्या कॉफीचं टाकलेलं पाणी आहे ते. ते पाहुण्याला कसं देऊ? तुमचा या मोठ्या टोपात आहे, चांगल्या पाण्याचा."

मी गाळणी हातात घेऊन उभी राहिले. अमोलने पेपर खाली ठेवला. आईला वाटलं, कोणाला नीट समजलं नसावं, म्हणून तिने समजावून सांगितलं. "उकळलेलं पाणी असतं, नुसतं कागदावरनं गेलेलं. थोडा वह्यांसारखा वास येतो. पावडर जास्त टाकली की जातो."

म्हणजे ती आल्यापासून रोज हेच चाललं होतं. आम्हाला चांगल्या पाण्याचा चहा, आणि तिला माझ्या कागदाचं धुवण.

आता जे लिहिते ते लिहायला हात जड होतो. मला लाज वाटली, पण पहिली लाज वाटली ती तिची. हिने केतकीसमोर हे का बोलावं, ही. ती लाज आधी आली आणि दुसरी, माझी स्वतःची, तिच्यामागून आली. मागून आलेली मोठी होती, अजून गेलेली नाही. पण आधी कुठली आली हे मला माहीत आहे, आणि ते मला पुसता येत नाही.

केतकीने बिचारीने वेळ सांभाळून घेतली. "काकू, यू आर सो सस्टेनेबल! आपण सगळ्यांनीच हे करायला पाहिजे, नाही का प्रज्ञा?" आईला ते कळलं नाही, पण कौतुक आहे एवढं कळलं, म्हणून ती पाहुण्यासमोर हसतात तसं हसली आणि आपला चहा कपात ओतून घेतला. आमच्यासमोर उभी राहून तो फुंकून फुंकून प्यायली. तिच्या चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता. असण्याचं कारणही नव्हतं. त्या घरात लाजण्यासारखं तिने काही केलंच नव्हतं.

केतकी गेल्यावर मी आईवर ओरडले. "इथे पाणी येतं, आई! भरपूर येतं! तुला असलं प्यायला आणलंय का मी?"

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. "ओरडतेस कशाला? तू ओततेस ना, तेव्हा माझा हात आपोआप जातो. मी ठरवून नाय करत."

त्यानंतर मी आठवडाभर कॉफी बंद केली. त्याने काही झालं नाही, उलट तिला वाटलं माझं काही बिनसलंय. मग एके दिवशी मंदाकाकींचा फोन आला, आमच्या गल्लीत पाण्याची नवीन लाइन टाकतायत, घरातलं कोणीतरी हजर पाहिजे. आई लगेच पिशवी भरायला लागली. लाइनचं निमित्त होतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी शेवटी बोलले. म्हटलं, आई, इथेच राहा ना. कायमची. खोली तुझीच आहे.

ती पलंगावर बसली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुझं घर चांगलं आहे गं," ती म्हणाली. "पण इथं पाणी सारखं वाजतं. कोण ना कोण वरती नळ सोडतंय, पाइपात वाजतंय. ऐकू आलं की मी उठते. उठून बघते तर आलेलंच असतं. मग करायचं काय मी?"

जाताना तिने ड्रम पुन्हा काठोकाठ भरला. "लागेल," म्हणाली.

ती गेल्यावर मी सुधारले. हा शब्द मुद्दाम वापरते. फिल्टरच्या खाली टोप धरायला लागले, ते पाणी झाडांना घालायला लागले. केतकीने बिल्डिंगच्या ग्रुपवर माझ्या टोपाचा फोटो टाकला, खाली टाळ्यांचे हात, हिरवी पानं, प्रज्ञाकडून शिका वगैरे. मी त्या सगळ्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आईचं नाव मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तिचा चहा लिहावा लागला असता.

अशी सुधारून, एका शनिवारी मी दिव्याला गेले. मनात होतं, तिला सांगायचं, बघ, मी आता टाकत नाही काही, आता तरी चल. नवीन लाइन टाकून झाली होती, पाणी मात्र जुन्यासारखंच होतं. त्या दिवशी आलं नव्हतं, आदल्या दिवशीही नव्हतं. दारात शिरताना सवयीने ड्रमवर टिचकी मारली. आवाज आला, पण त्यातून मला काही कळलं नाही. झाकण उघडून बघावं लागलं.

"बस," आई म्हणाली. "कॉफी करते."

पुडी फोडली, साखर घातली, चमचाभर पाणी, आणि मी हात पुढे करायच्या आत स्वतःच फेटायला बसली. मी तिला सगळं सांगितलं, टोप, झाडं, ग्रुप. ती "बरं केलंस" म्हणाली. मी स्वतःवर फार खूश होते. चमचा वाजत होता. थोड्या वेळाने मंदाकाकी दारात येऊन टेकल्या, "प्रज्ञा आली काय गं? चमचा ऐकला म्हटलं, आज पण नाय येत." दूध उतू जायला आलं तशी आईने मला सांगितलं, कप काढ.

मी फळीवरून कप काढले. ओगराळं ड्रममध्ये घातलं, एका कपात पाणी घेतलं, कप गोल फिरवला, ते पाणी दुसऱ्या कपात, मग तिसऱ्या, आणि मग मोरीत फेकून दिलं.

हे सगळं माझ्या हाताने केलं. मी त्या वेळी बोलत होते, कशाबद्दल ते आठवत नाही. पाणी मोरीत पडल्याचा आवाज आला आणि चमचा थांबला. मंदाकाकींचे डोळे त्या पाण्याबरोबर मोरीच्या भोकापर्यंत गेले. ते पाणी म्हणजे आईचा त्या दिवशीचा दुपारचा चहा होता, किंवा तांदूळ धुण्याचं पाणी, किंवा काय ते. मला कळायला हवं होतं, कशाचं होतं ते.

"असू दे गं मंदा," आई म्हणाली. आवाज अगदी मऊ. "वर्तकनगरची आहे ती. तिकडे सवय असते."

ती मला सांभाळून घेत होती. त्या काकांना घेतलं होतं तसंच, त्याच शब्दांत. टोमणा नव्हता. मला टोमणा चालला असता. तिने मला पाणी फेकणाऱ्यांच्या बाजूला बसवलं होतं, पाहुण्यांना देतात तशी चांगली जागा दिली होती. मी तिला घरी न्यायला आले होते. त्या क्षणी कळलं, की ती यायची नाही, आणि मी म्हणत होते ते घर म्हणजे कुठलं, ते मलाच नीट सांगता आलं नसतं.

कॉफी प्यायलो. चव तीच होती. मंदाकाकी त्यांच्या सुनेचं काहीबाही सांगत होत्या. मी मान खाली घालून ऐकत होते. कप रिकामे झाले. आईने दुधाचा टोप आपल्याकडे ओढला आणि डब्यातली सकाळची चपाती काढली.

"मला दे," मी म्हटलं.

"राहू दे. ड्रेसला लागेल तुझ्या."

"आई, दे ना."

माझा आवाज कसा निघाला मला माहीत नाही, पण तिने वर बघितलं. पाहुण्यांकडे बघतात तसं नाही. मी परीक्षेत नापास होऊन घरी यायचे, तेव्हा बघायची तसं. मग तिने चपातीचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा टोपात टाकून तो माझ्यापुढे सरकवला.

"नीट पूस," ती म्हणाली. "कडेला राहतं तुझ्या. धुवायला पाणी नाय."

पाहुण्यांना माफ करतात, पण कामाला लावत नाहीत. मला एवढंच घर उरलं आहे, एका टोपाएवढं, आणि तेही मागून घेतलेलं. मी तो टोप मांडीवर घेतला आणि कडेपासून पुसायला सुरुवात केली.